दोन पावांची परतफेड : मान्झोनीच्या कादंबरीतील ईश्वरी तरतूद

इटालियन भाषेतील सर्वांत थोर समजली जाणारी कादंबरी एका भित्र्या धर्मगुरूच्या संध्याकाळच्या फेरफटक्याने सुरू होते, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनी तरी विसरू नये. ७ नोव्हेंबर १६२८ चा दिवस. कोमो सरोवराच्या काठच्या एका खेड्याचे प्रमुख धर्मगुरू डॉन आबोन्दियो प्रार्थनाग्रंथ वाचीत घरी परतत असतात. वाटेत दोन भाडोत्री गुंड उभे. निरोप थोडक्यात असा, की रेन्झो आणि लुचिया यांचे लग्न उद्याच नव्हे, तर कधीच लागता कामा नये. गावच्या जुलमी सरदाराची, डॉन रोद्रिगोची, तशी इच्छा आहे. धर्मगुरू मान तुकवतो आणि तेथून पुढची सदतीस प्रकरणे त्या एका होकाराची फळे भोगण्यात जातात.

आलेस्सांद्रो मान्झोनी (१७८५–१८७३) याची ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे वाङ्‌निश्चय झालेली जोडी, ही कादंबरी १८२७ मध्ये वाचकांच्या हाती आली. तिची भाषा आमूलाग्र सुधारून त्याने ती १८४० ते १८४२ या काळात पुन्हा प्रसिद्ध केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये आपल्या एका सार्वजनिक भेटीत वाङ्‌निश्चय झालेल्या तरुण-तरुणींना ती वाचण्याची शिफारस केली होती. शिफारस योग्यच, परंतु ही केवळ प्रेमकथा आहे अशा समजुतीने ती हाती घेणाऱ्याची निराशा होईल. नायक-नायिका बहुतेक काळ एकमेकांपासून दूर आहेत. मधल्या सर्व जागेत दुष्काळ आहे, दंगल आहे, परकीय सैन्याची लूट आहे आणि शेवटी १६३० ची मिलानची भयंकर महामारी आहे. जाता जाता सांगतो, नेमक्या त्याच सुमारास आपल्या दख्खनवरही घोर दुष्काळ कोसळला होता आणि देहूच्या तुकोबांच्या घरची एक चूल त्यात कायमची विझली होती.

या कादंबरीला ‘ईश्वरी तरतुदीचे महाकाव्य’ म्हणण्याची प्रथा इटालियन समीक्षेत आहे. प्रथा चांगली असली तरी तिच्यामुळे एक घोटाळा होतो. देव आपल्या भक्तांची सोय कशी लावतो हे दाखविण्यासाठी मान्झोनीने कथा रचली, असा वाचकाचा ग्रह होतो. वस्तुतः देवाच्या तरतुदीचे नाव या ग्रंथात लेखक स्वतःच्या तोंडाने फार क्वचित घेतो. ते घेतात त्याची पात्रे. प्रत्येक पात्र ते आपल्या मापाने घेते, आणि या मापांतील फरकात कादंबरीची सारी खोली आहे असे मला वाटते.

रेन्झोचेच पाहा. रेशीम कातणारा हा रांगडा, तापट तरुण ११ नोव्हेंबर रोजी मिलान शहरात शिरतो तेव्हा तेथे पावासाठी दंगल उसळलेली असते. एका क्रुसाजवळ त्याला पाव जमिनीवर पडलेले दिसतात. दुष्काळात पाव रस्त्यावर! तो ते उचलतो, देवाच्या दयेचे नाव घेतो आणि मालक भेटलाच तर पैसे देऊ असे मनाला बजावतो. लुटीतून सांडलेल्या पावांना देवाची देणगी म्हणणारा हा विश्वास अजून कच्चा आहे. लेखक त्याला हसत नाही, पण पाठही थोपटीत नाही. पुढे दंगलखोर म्हणून पकडला जाता जाता तो निसटतो आणि व्हेनिसच्या राज्यात पळून जातो. तेथे एका खाणावळीबाहेर त्याला भुकेने खंगलेले एक कुटुंब भेटते. खिशात उरलेली शेवटची नाणी तो त्यांच्या हातावर ठेवतो आणि पुन्हा देवाच्या तरतुदीचे नाव घेतो. या वेळी मात्र अर्थ बदललेला आहे. पहिल्या वेळी तरतूद त्याच्याकडे आली होती. आता तो स्वतःच कोणाची तरी तरतूद झाला आहे. खिसा रिकामा आणि मन हलके अशा स्थितीत तो चुलतभावाच्या दारी पोचतो व त्याला काम मिळते.

पण मान्झोनी येथे थांबत नाही. जवळजवळ दोन वर्षांनी, महामारीच्या दिवसांत, रेन्झो लुचियाला शोधीत पुन्हा मिलानमध्ये येतो. एका सज्जातून एक बाई हाका मारते. नवरा मेला, घराचे दार बाहेरून खिळे ठोकून बंद केले आणि आत मुलांसह ती उपाशी आहे हे सगळे विसरून गेले. जवळचे दोन पाव तो तिने दोरीने सोडलेल्या टोपलीत ठेवतो, आणि त्याला त्या जुन्या क्रुसाजवळचे पाव आठवतात. ही परतफेडच झाली, असे त्याच्या मनात येते. अकराव्या प्रकरणात उचललेले पाव चौतिसाव्या प्रकरणात परत करणाऱ्या लेखकाच्या कारागिरीचे कौतुक पुष्कळांनी केले असेल. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की श्रद्धा म्हणजे हिशेब विसरणे नव्हे हे रेन्झोला कोणी प्रवचनातून शिकवलेले नाही.

ईश्वरी तरतुदीची दुसरी बाजू आज्ञापालनाची, आणि ती फ्रा क्रिस्तोफोरोच्या वाट्याला आली आहे. हा कापुचिन संन्यासी रोद्रिगोच्या वाड्यात जाऊन त्याला जाब विचारतो. परिणाम काय होतो? सरदारांचे नातेगोते हलते, वरिष्ठांच्या कानी लागते आणि क्रिस्तोफोरोची बदली दूर रिमिनीला होते. हुकूम अन्यायाच्या दबावातून आलेला आहे आणि लुचिया संकटात आहे. क्षणभर त्याच्या मनात येते, माझ्यावाचून या गरिबांचे कसे होणार? आणि लगेच तो स्वतःला दोष देतो की आपण देवावरचा भरवसा सोडला, स्वतःला अपरिहार्य समजलो. प्रार्थनाग्रंथ घेऊन तो चालू लागतो.

आधुनिक वाचक येथे अडखळतो, आणि त्याने अडखळावेही. तो गेल्यानंतर लुचियाचे अपहरण होते. आज्ञापालनाचे बक्षीस ताबडतोब मिळत नाही. आज्ञा देणारे वरिष्ठ चुकले होते हेही मान्झोनी झाकत नाही. त्या संभाषणातील दरबारी मखलाशी त्याने निर्दयपणे रंगविली आहे. तरीही क्रिस्तोफोरोचे पाऊल फुकट जात नाही. महामारी पसरताच रुग्णसेवेसाठी मिलानला जाण्याची परवानगी तो मागून घेतो. तेथल्या रुग्णतळावर दोघे प्रेमिक त्याला भेटतात. संकटात लुचियाने पवित्र मरियेपाशी केलेल्या कौमार्यव्रतातून तो तिला मुक्त करतो आणि मरणोन्मुख रोद्रिगोसमोर रेन्झोला उभा करून क्षमा करायला लावतो. मग तोही त्या रोगाने जातो.

डॉन आबोन्दियोची शोकांतिका विनोदी आहे, म्हणूनच ती अधिक बोचते. लग्न लांबविण्यासाठी तो बिचाऱ्या रेन्झोवर लॅटिनमधील विवाहबाधांची यादी फेकतो (सेमिनरीत शिकलेल्या विद्येचा असा उपयोग आजही अशक्य नाही!). कार्डिनल फेदेरिगो बोरोमेओ त्याला जाब विचारतात तेव्हा धैर्य ही काही आपल्या हातातली गोष्ट नाही, असे तो सांगतो. कार्डिनलांचे उत्तर साधे आहे. ज्या सेवेला धैर्य लागते ती पत्करली, तर ते देणाऱ्याकडे मागायला नको होते का? हे उत्तर देणारा माणूस कथेत कल्पनेने आणलेला नाही. दुष्काळात रोज सकाळी भाताच्या पेजेचे दोन हजार वाडगे आपल्या वाड्यात वाटणारा हा इतिहासातला आर्चबिशप आहे.

महामारी ओसरते, रोद्रिगो मरतो आणि आबोन्दियोला देवाची तरतूद दिसू लागते. महामारी ही एक केरसुणीच होती, असे तो समाधानाने बोलतो. त्याच केरसुणीने त्याची विश्वासू परपेतुआही उचलली, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. सोयीस्कर श्रद्धेची याहून नेमकी थट्टा मला अन्यत्र आढळलेली नाही.

मान्झोनीची प्रामाणिकता सर्वांत जास्त दिसते ती जेथे तो गप्प राहतो तेथे. ११ जून १६३० रोजी संत चार्ल्स यांचा देह मिरवीत मिलानमध्ये भव्य मिरवणूक निघाली. कार्डिनलांनी आधी नकार दिला होता, मग ते नमले. दुसऱ्याच दिवसापासून मृत्यू झपाट्याने वाढले आणि लोकांनी दोष गर्दीला न देता विष फासणाऱ्या कल्पित गुन्हेगारांना दिला. हे सारे तो कोरड्या शब्दांत नोंदवतो. चेचिलिया या चिमुकल्या मुलीचे प्रेत तिची आई प्रेते वाहणाऱ्याच्या गाडीत स्वतः निजवते, त्या प्रसंगी तरतुदीविषयी एक अक्षर नाही. तेथे कोणी धर्मगुरू सांत्वनाला उभा केलेला नाही.

ग्राम्शी या मार्क्सवादी विचारवंताने तुरुंगातील टिपणांत आक्षेप घेतला, की मान्झोनी गरिबांकडे वरून, दयाबुद्धीने पाहतो. आक्षेपात तथ्य आहे. लुचिया कधी कधी देव्हाऱ्यातील मूर्तीसारखी निश्चल वाटते. परंतु शेवटच्या पानावर तीच त्याला उत्तर देते. रेन्झो आपण काय काय धडे शिकलो याची यादी सांगतो, तेव्हा ती शांतपणे विचारते, मी कोणत्या संकटाला शोधीत गेले होते? ती आपल्यालाच शोधीत आली. नवरा निरुत्तर होतो, आणि मग दोघे मिळून ठरवतात की सावध वागण्यानेही संकटे टळतातच असे नाही. देवावरील भरवसा ती सुसह्य करतो.

हे शब्द १८२७ मध्ये लिहिणे एक आणि १८४२ मध्ये तसेच राहू देणे दुसरे. १८३३ च्या नाताळच्या दिवशी मान्झोनीची पत्नी एन्रिकेत्ता वारली. त्या नाताळावर त्याने कविता लिहायला घेतली. ती अपुरीच राहिली. पुढच्याच वर्षी थोरली मुलगी जुलिया गेली. त्यानंतर त्याने कादंबरीची पाने एकेक करून पुन्हा तपासली, असंख्य शब्द बदलले, आणि शेवटच्या पानावरचा तो भरवसा काढला नाही.