अनुदानाचा अर्ज आणि संशोधनाचा आकार : ग्रामीण महाविद्यालयाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संशोधन अनुदानाचा अर्ज हा कार्यालयीन कागद समजला जातो. मंजूर झाला तर तो फाईलला लागतो, नामंजूर झाला तर विसरला जातो. त्याची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः महाविद्यालयीन अध्यापक आपल्या नियोजित संशोधनाविषयी पहिले सलग लेखन करतो ते बहुधा याच कागदावर. विषय किती मोठा धरावा, तो किती काळात संपवावा, कोणत्या भाषेत मांडावा आणि कोणाला पटवून द्यावा, हे संशोधन सुरू होण्यापूर्वीच येथे ठरते. म्हणून अर्ज ही एक संहिता मानून तिचे वाचन करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पैसा ज्या रूपाने येतो ते रूप ज्ञानाच्या आकारावर आपली मुद्रा उमटवते. आणि अर्जाच्या प्रचलित रूपात मराठवाड्यातील ग्रामीण अभ्यासकाला सर्वाधिक लागणारी गोष्ट, म्हणजे तयारीचा काळ, मागण्याची सोयच नाही.

भागभांडवलावरचा कोश

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले, तेव्हा मराठीत ज्ञानकोश करू इच्छिणाऱ्या माणसाने कोठे अर्ज करावा, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९१६ साली नागपूर येथे त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी केली. भाग विकणे आणि वर्गणीदार मिळवणे हाच त्यांचा अनुदानाचा अर्ज होता. त्याचे परीक्षक कोणी तज्ज्ञ नव्हते. मराठी वाचणारा आणि खिशातून पैसे काढू शकणारा सर्वसामान्य माणूस हाच परीक्षक होता.

या व्यवस्थेचा परिणाम 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'च्या २३ खंडांवर स्पष्ट दिसतो. १९२० नंतरच्या सात-आठ वर्षांत एवढे काम झाले ते वर्गणीदाराच्या तगाद्याशिवाय झाले नसते, आणि नोंदींच्या तोलातील असमानतेचे एक कारणही हीच घाई असावी. परंतु दुसरी बाजू अधिक लक्षणीय आहे. अकारविल्हे नोंदी सुरू होण्यापूर्वी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड काढले. कोणत्याही तज्ज्ञ समितीने कोशाच्या आधी पाच खंडांची प्रस्तावना मंजूर केली असती, असे मानणे कठीण आहे. वर्गणीदाराने कुरकुर केली असेल, पण आराखडा बदलण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता. पुढे ज्ञानकोश मंडळाची हकीकत केतकरांनी स्वतंत्र पुस्तकरूपाने लिहिली. निधी कसा मिळवला हेही संशोधनाच्या इतिहासाचाच भाग आहे, ही जाणीव आजच्या प्रकल्प-अहवालांत अभावानेच आढळते. त्यांचे सहकारी य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनीही 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड (१९३२ ते १९३८) कंपनीच्याच मार्गाने सिद्ध केले.

राजाश्रय आणि सावकाशीचा हक्क

याच काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १९१९ मध्ये कार्यास आरंभ झाला. मुंबई सरकारने आणि इतर संस्थानांनीही पुढे हातभार लावला.

राजाश्रयाला आवडनिवड असते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. महाभारताची आवृत्ती सचित्र असावी ही त्यांची इच्छा होती. परिणामी पाठभेदांच्या बारीक टिपांनी भरलेल्या काटेकोर आवृत्तीत रंगीत चित्रेही आली. पाठचिकित्सेच्या दृष्टीने त्यांची काहीच गरज नव्हती. देणगीदाराची मुद्रा ग्रंथावर उमटते याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडेल. तरीही ही किंमत हलकीच म्हटली पाहिजे, कारण तिच्या बदल्यात संपादकांना सावकाशीचा हक्क मिळाला.

तो हक्क कसा वापरला गेला ते पाहण्यासारखे आहे. ना. बा. उत्गीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढली. ती अंतिम नव्हतीच. पद्धत तपासण्यासाठी, विद्वानांची मते मागवण्यासाठी ती होती. आजच्या भाषेत चार वर्षांच्या खर्चानंतरचे 'फलित' एवढेच. १९२५ साली डॉ. वि. सी. सुकथनकर यांच्याकडे प्रमुख संपादकत्व आले आणि पद्धतीचा पुन्हा विचार झाला. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. विराटपर्व डॉ. रघुवीर यांनी नव्याने संपादिले व ते १९३६ मध्ये आले. सुकथनकर १९४३ साली निवर्तले, आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ साली सिद्ध झाली. एका प्रकल्पाला ४७ वर्षे लागली. प्रारंभीचा प्रयत्न बाजूला ठेवून पुन्हा आरंभ करण्याची मुभा नसती, तर ही आवृत्ती लवकर निघाली असती, पण ती आज जगभर प्रमाण मानली जाते तशी राहिली नसती.

या हकिकतीचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे. महाभारत प्रकाशनासाठी संस्थेने हैदराबादच्या निजामाकडेही साहाय्य मागितले होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने दरसाल एक हजार रुपये आणि अतिथिगृहासाठी वेगळी रक्कम मंजूर केली. संस्थेच्या आवारातील अतिथिगृहाला निजामाचेच नाव आहे. त्या वेळी आजचा जालना जिल्हा, त्यातील परतूर तालुका आणि वाटूर हे गाव हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे या मुलखाच्या शेतसाऱ्याचाही अंश असलेल्या तिजोरीतून पुण्याच्या संशोधनाला पैसा गेला. मात्र त्याच मुलखात उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या, आणि मराठवाडा विद्यापीठ स्थापन व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. हा विरोधाभास केवळ निजामाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. अनुदान मागण्यासाठी आधी मागणारी संस्था लागते, तिची पत लागते, तिच्या वतीने लिहिणारे हात लागतात. पुण्याजवळ ते होते.

छापील नमुन्यातील रकाने

स्वातंत्र्योत्तर काळात राजाश्रयाची जागा आयोगाने आणि परिषदांनी घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ ची. मर्जीऐवजी नियम आला, हे निःसंशय पुढचे पाऊल होते. परंतु नियमाचीही एक मर्जी असते. आयोगाच्या कायद्यातील कलम १२ (ब) खाली महाविद्यालय पात्र ठरले नसेल, तर तेथील अध्यापकाचा विषय कितीही मोलाचा असो, आयोगाचे दार बंद. कायम विनाअनुदानित महाविद्यालये आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांची संख्या ज्या भागात मोठी, तेथे हे बंद दार अधिक जाणवते.

अकराव्या व बाराव्या पंचवार्षिक योजनांत लघु संशोधन प्रकल्पांनी ग्रामीण अध्यापकाला पहिल्यांदा संशोधनाचा पैसा दाखवला, हे मान्य केले पाहिजे. मुदत दीड-दोन वर्षांची. खर्चाची शीर्षे ठरलेली : ग्रंथ व नियतकालिके, उपकरणे, क्षेत्रीय कार्य व प्रवास, आकस्मिक खर्च, सेवा. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र आणि सनदी लेखापालाची सही.

आता एक उदाहरण घेऊ. वाटूर परिसरातील इनाम जमिनींचा इतिहास हा विषय धरला, तर त्याची साधने मराठीत थोडी आणि मोडी, फारसी, उर्दूत पुष्कळ. हैदराबाद संस्थानच्या दप्तराचा मोठा साठा हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात आहे. परतूरहून हैदराबादला रेल्वेने जाता येते. प्रवासखर्चाचे शीर्षही अर्जात आहे. परंतु तेथे पोहोचल्यावर शिकस्ता वळणाची फारसी वाचायची कशी? ती शिकायला दीड-दोन वर्षे लागतात, आणि तेवढीच प्रकल्पाची मुदत असते. 'उपकरणे' या शीर्षाखाली संगणक, मुद्रक घेता येतो. लिपी शिकणे हे उपकरण मानले जात नाही. तेव्हा व्यवहारी अध्यापक काय करतो? तो विषय बदलतो. शंभर उत्तरदात्यांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, चार सूचना. मुदतीत बसते. अशा अहवालांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ते अध्यापकाच्या आळसातून कमी आणि रकान्यांच्या मापातून अधिक जन्मले आहेत.

दुसरा प्रश्न भाषेचा. विषय मराठी, साधने देशी, वाचक गावातला. प्रस्ताव मात्र प्रायः इंग्रजीत. इंग्रजी येणे अभ्यासकाला आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु 'अपेक्षित फलनिष्पत्ती' हा रकाना इंग्रजीत भरताना तयार वाक्ये फिरत राहतात; एकाच्या अर्जातील परिच्छेद दुसऱ्याच्या अर्जात सहज बसतो. जो परिच्छेद कोणत्याही विषयाला चालतो, तो त्या विषयाबद्दल काही सांगत नाही. शिवाय हा रकाना निष्कर्ष आधीच मागतो. १९१९ साली महाभारताच्या संपादकांना तो भरावा लागता, तर त्यांनी काय लिहिले असते?

बारावी योजना २०१७ साली संपली आणि तिच्या चौकटीतील लघुप्रकल्पही मागे पडले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. त्या कायद्याची शब्दयोजना बारकाईने वाचावी अशी आहे. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे तिथे येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे संपर्क होतो तेवढ्यापुरती. इनाम दप्तराच्या अभ्यासकाने यापुढे आपल्या विषयाला संगणकीय अक्षरओळखीची जोड दिली तर आश्चर्य वाटू नये. त्यातून चांगले कामही होईल. मात्र यंत्राला दप्तर वाचायला शिकवण्यासाठी ते आधी अचूक वाचून देणारा माणूस लागतो, आणि त्याच्या शिक्षणाचा रकाना अजूनही रिकामा आहे.

हा रकाना भरण्यास मोठी रक्कम लागत नाही. विद्यापीठाने आपल्या निधीतून प्रकल्पपूर्व असे एक वर्षाचे छोटे साहाय्य द्यावे, अर्ज मराठीत घ्यावा आणि फलित म्हणून अहवालाऐवजी मूळ दप्तरातील पन्नास कागदांचे लिप्यंतर मागावे. त्याची तपासणी प्रकल्पांच्या सर्वसाधारण समितीकडे न देता मोडी किंवा फारसी प्रत्यक्ष वाचणाऱ्या दोघांकडे द्यावी. मुख्य प्रकल्पाचा अर्ज त्यानंतर करावा, आणि त्यात या पन्नास कागदांतून निघालेला प्रश्न असावा. लिप्यंतरात चुका असतील तर पुन्हा एक वर्ष मिळावे. उत्गीकरांच्या विराटपर्वानंतर संस्थेने काम थांबवले नव्हते.