शून्यावर दोन

गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेची मुले क्रिकेट खेळतात. भोपळ्यावर बाद झालेला पोर हटकून रुसतो. त्याच्या समजुतीसाठी मी एकच डाव सांगतो : सुनील गावसकरांच्या मद्रासच्या नाबाद २३६ धावा, डिसेंबर १९८३. मी तेव्हा पाळण्यात होतो; तेव्हा माझे हे रसग्रहण धावफलक वाचून केलेले, हे आधीच कबूल करतो.

या डावाचे कौतुक होते ते दोन विक्रमांसाठी. हे गावसकरांचे तिसावे कसोटी शतक. ब्रॅडमनची २९ मागे पडली. विनू मंकडांचा १९५६ मधला २३१ धावांचा भारतीय उच्चांकही मोडला. पण विक्रम म्हणजे भाड्याचे घर. २००१ साली लक्ष्मणने २८१ केल्या, २००४ साली सेहवागने ३०९. शतकांतही सचिन २००५ साली पुढे गेला. मग डावात उरले काय?

माझ्या मते, उरली ती सुरुवात. दोनच आठवड्यांपूर्वी कलकत्त्याला सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्शलने गावसकरांना बाद केले होते, आणि भारत डावाने हरला होता. मद्रासला ते सलामीला न येता चौथ्या क्रमांकावर आले. पण मार्शलने गायकवाड आणि वेंगसरकर दोघांनाही शून्यावर परत धाडले. गावसकर मैदानात उतरले तेव्हा फलकावर शून्यच होते! क्रमांक बदलला, नवा चेंडू काही चुकला नाही.

सामना अनिर्णित राहिला, मालिका वेस्ट इंडीजने ३–० जिंकली. मग या डावाचे मोल काय, असे कोणी विचारील. आक्षेप खरा आहे. या कथेला विजयाचा शेवट नाही. पण आठवा गडी पडला तेव्हा भारत ३०८ वर, म्हणजे वेस्ट इंडीजच्या ३१३ च्याही मागे होता. तिथून किरमाणींना सोबत घेऊन गावसकरांनी अभेद्य १४३ धावा जोडल्या. पराभव दारातून परतवणे हेही कर्तृत्वच.

शिक्षक म्हणून मीही वह्यांवर शून्ये मांडत आलो आहे. ते मांडताना हात आता थोडा अडखळतो. रुसलेल्या पोराला मी एवढेच म्हणतो, “बाळा, उद्या ये. डाव शून्यापासूनच सुरू होतो.”