खलनायकाने चहा विचारावा

आमच्या परभणी जिल्ह्यात जत्रेच्या नाटकातला खलनायक ओळखायला मांडवात शिरावे लागत नाही. तो विंगेतूनच हसतो. बाहेर भजी तळणाऱ्यालाही कळते, की आता नायिकेचे काही खरे नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही छाती फुगवून सांगतो खरे. पण असल्या कोळशाच्या मिशांच्या नादी नायक लागतोच कामून, हे आम्हांला कोणी विचारू नये.

गडकऱ्यांना ते ठाऊक होते. 'एकच प्याला' १९१९ साली बडोद्यात रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी उरले नव्हते, महिन्याभरापूर्वीच गेले होते. त्यातला तळीराम बघा. सुधाकर वकिलाची सनद जाते, मन पोळते. अशा वेळी चार लोक उपदेश घेऊन येतात. कारकून तळीराम प्याला घेऊन येतो. तोही दुःखावर औषध म्हणून! स्वतः पितो, तेच मालकाला देतो. यात कपट कुठे आहे? शिवाय नाटकातले निम्मे विनोद त्याच्याच पदरी. आर्यमदिरामंडळाच्या बैठकीला आपण खदखदून हसतो, म्हणजे वर्गणी न भरता सभासद होतो. पुढे सिंधू जात्यावर बसते तेव्हा ते हसू घशात अडकते. शेक्सपिअरच्या इयागोचेही तेच. ज्याला त्याला तो प्रामाणिक वाटतो, म्हणून तर ऑथेल्लो फसतो. (देवलांनी १८९० साली त्याला 'झुंझारराव'मध्ये आपल्याकडे आणले.) 'भावबंधन'मधला घनश्याम वेगळा. त्याची थट्टा झालेली असते, आणि थट्टा कोणाची झालेली नाही?

मध्यंतरी एका होतकरू पोराने कादंबरी वाचायला दिली. पहिल्याच पानावर सावकार कुळाला लाथ मारतो.

"बाबा, याच्या ओट्यावर कुत्रं तरी चढंल का?"

"सावकार हाय ना तो, काका!"

"मानवतच्या बाजारात कापूस घालायला गेलास कधी? उचल देणारा आधी बसायला सांगतो, चहा मागवतो, पोरीचं लग्न कुठवर आलं इचारतो. 'पैशाचं मनावर घेऊ नका' म्हणतो. व्याज कधी सांगतो? कप खाली ठेवल्यावर."

पोरगा विचारात पडला. "पण काका, असा दाखवला तर तो लोकाला आवडंल की!"

"सुधाकरालाही तळीराम आवडलाच होता."

लाथ त्याने तिथल्या तिथे खोडली. मिशा मात्र अजून ठेवल्या आहेत.