प्राथमिक वर्गातील संशोधन-प्रश्न : एक चिकित्सक विचार

'पुढील शब्द उत्तर येतील असे प्रश्न तयार करा' ही सूचना मराठीच्या स्वाध्यायांत आणि कृतिपत्रिकांत नित्य आढळते. मुलाने स्वतः प्रश्न लिहावा, ही औपचारिक अपेक्षा शालेय जीवनात बहुधा येथेच प्रथम व्यक्त होते. आणि येथेही उत्तर आधीच ठरलेले असते. त्या उत्तराला जुळेल असे प्रश्नार्थक वाक्य रचणे, एवढेच मुलाकडे उरते. व्याकरणाचा सराव म्हणून हे उपयुक्त आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्याचे उत्तर माहीत नाही, पण शोधता येईल, असा प्रश्न लिहिणे ही याहून सर्वस्वी वेगळी क्रिया आहे. ती प्राथमिक स्तरावर कशी शिकविता येते आणि शिकविताना काय निसटून जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या वर्गव्यवहाराची भाषाही येथे तपासून पाहण्यासारखी आहे. पाठ संपला की शिक्षक विचारतात, "कोणाला काही शंका?" शंका म्हणजे शिक्षकांनी सांगितलेल्यापैकी जे नीट उमगले नाही ते. 'प्रश्न' हा शब्द मात्र शिक्षक, पुस्तक आणि परीक्षा यांच्यासाठीच जणू राखून ठेवलेला असतो. परिसर अभ्यासाच्या पाठ्यपुस्तकांतील 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' ही शीर्षके प्रसन्न आहेत, घोकंपट्टीपासून दूर नेणारी आहेत. तरीही त्यांत विचारणारे पुस्तक आणि उत्तर देणारे मूल ही वाटणी कायमच राहते.

विन हार्लेन यांनी संपादित केलेल्या 'प्रायमरी सायन्स : टेकिंग द प्लंज' (१९८५) या संग्रहातील दोन लेख या संदर्भात आजही मोलाचे वाटतात. जोस एल्स्टगीस्ट यांनी शिक्षकाच्या प्रश्नांचा क्रम मांडला आहे. आधी लक्ष वेधणारे प्रश्न, मग मोजणीचे, तुलनेचे, 'असे केले तर काय होईल' या जातीचे, आणि त्यानंतर समस्या मांडणारे. 'का' हा प्रश्न वेळेआधी विचारला तर मूल वस्तूकडे न पाहता पाठ केलेल्या शब्दांकडे वळते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आपल्याकडील 'शास्त्रीय कारणे द्या' या प्रश्नप्रकारास तो तंतोतंत लागू पडतो. शीला जेली यांनी दुसरी बाजू हाताळली. मुलाने विचारलेल्या 'का'ला असे वळण द्यावयाचे, की त्याचे उत्तर मुलाला स्वतः करून पाहता येईल.

छात्राध्यापकांच्या पाठनिरीक्षणाच्या निमित्ताने इयत्ता चौथीच्या एका वर्गात या पद्धतीची परीक्षा पाहण्याचा योग आला. विषय होता मुंग्यांचा. आरंभी बाकावर बसूनच मुलांना प्रश्न लिहावयास सांगितले, तेव्हा 'मुंगीला किती पाय असतात?', 'मुंगी काय खाते?' असे प्रश्न आले. त्यांची उत्तरे लिहिणाऱ्यांना ठाऊक होती. नंतर मुले दहा मिनिटे व्हरांड्यातील मुंग्यांच्या रांगेजवळ बसली आणि प्रश्नांची जातच पालटली. 'समोरून येणाऱ्या मुंगीला प्रत्येक जण शिवून का जाते?', 'जागा मोकळी असूनही रांग वाकडी का?', 'मुंग्या रांगेतच का चालतात?' वाक्यरचनेचा एकही नियम त्यांना शिकविलेला नव्हता.

यांतील शेवटच्या प्रश्नाला छात्राध्यापिकेने चांगले वळण दिले. 'रांगेची वाट ओल्या फडक्याने पुसली तर मुंग्या काय करतील?' वाट पुसली, रांग विस्कटली, आणि मुंग्यांनी जमिनीवर काहीतरी खूण ठेवली असली पाहिजे, असा निष्कर्ष फळ्यावर लिहिला गेला. निष्कर्ष बरोबरच आहे. मुंग्या गंधाची वाट आखतात. परंतु मागच्या रांगेतील एक मुलगा म्हणाला, "पण त्या पाण्यालाच भ्यायल्या असतील तर?" प्रस्तुत लेखकाच्या मते त्या तासातील खरा संशोधन-प्रश्न हा होता. कोरड्या फडक्याने पुसून पाहावे काय? की वाटेवर कागद ठेवावा, रांग त्यावर रुळू द्यावी आणि मग तो काटकोनात फिरवावा? काय बदलायचे, काय तसेच ठेवायचे आणि काय मोजायचे हे सारे त्या एका हरकतीत सामावलेले होते. पण तास संपत आला होता.

वळण देण्याच्या पद्धतीची मर्यादा दुसऱ्या एका प्रश्नात दिसली. एका मुलीने लिहिले होते, 'त्यांना कोण सांगतं?' हा प्रश्न फडक्याने वा कागदाने तपासता येत नव्हता. छात्राध्यापिकेने त्याखाली तांबडी रेघ ओढून 'अशास्त्रीय' असा शेरा लिहिला. वस्तुतः कोणी आज्ञा देत नसता हजारो मुंग्यांचे काम कसे चालते, या प्रश्नावर डेबोरा गॉर्डन यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक वर्षे काम केले आहे. तपासता येईल तोच प्रश्न चांगला, ही कसोटी यांत्रिकपणे लावली की मुलाच्या वहीतील सर्वांत सखोल प्रश्न प्रथम बाद होतो. जेली यांची पद्धत ही कृतीची सोय आहे. प्रश्नाचे मूल्य ठरविण्याचे माप म्हणून तिचा वापर करणे तिच्यावरही अन्यायाचे आहे.

१९७२ मध्ये होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविली. सहावी ते आठवीची मुले प्रयोग करीतच. शिवाय 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक व्यक्तीला पत्राने वाटेल ते विचारू शकत. प्रयोगात न बसणाऱ्या प्रश्नाला तेथे पत्ता होता. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला.

त्या छात्राध्यापिकेला दोष देणे मात्र सोपे होईल. आमच्याच महाविद्यालयांत लघुप्रबंधाची शीर्षके 'एक चिकित्सक अभ्यास' या शब्दांवर येऊन थांबतात (प्रस्तुत लेखाचे शीर्षकही याला अपवाद नाही), उद्दिष्टे मागील वर्षाच्या प्रबंधातून उतरविली जातात आणि त्यांमागे प्रश्न कोणता होता, हे मौखिक परीक्षेतही क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखकाचा एम. फिल.चा प्रबंध याच रीतीने सिद्ध झाला होता. आमच्या पाठटाचणाच्या नमुन्यात शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन आणि मूल्यमापन यांचे रकाने आहेत. 'विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न' असा एक रकाना वाढवावा, ही सूचना विभागाच्या बैठकीत मांडली होती. कागदाची रुंदी पुरणार नाही, असे उत्तर मिळाले.