इटलीच्या जन्म-मृत्यू नोंदींची सूची : एक परीक्षण

एका जुन्या इटालियन नोंदवहीत जन्माच्या तारखेपुढे ‘७ब्रे’ असे लिहिले आहे. हा महिना कोणता? मी हे सूची करण्याचे काम हौसेने शिकू लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी या प्रश्नाला अडखळलो. सात म्हणजे सातवा महिना, असे समजून मी ‘जुलै’ लिहून टाकले. ते साफ चूक होते. ‘७ब्रे’ म्हणजे सेप्टेंबर. लॅटिन ‘सेप्टेम’ म्हणजे आपल्या संस्कृतातील ‘सप्त’. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सेप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा (अष्ट), नोव्हेंबर नववा (नव) आणि डिसेंबर दहावा (दश). लेखनिक वेळ वाचवण्यासाठी ७, ८, ९ आणि रोमन दहा असे आकडे घालून पुढे ‘ब्रे’ लिहीत.

चूक माझी होती. पण त्यानंतर मला वेगळाच प्रश्न पडला. माझे ‘जुलै’ तसेच सूचीत गेले असते, तर पुढच्या माणसाला ते चूक असल्याचे कशावरून कळले असते? सूचीत तर ‘जुलै’ तितक्याच ठसठशीत अक्षरांत दिसले असते. या परीक्षणाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

नोंदी कशा जमल्या?

कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या जुन्या आहेत. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यांना नियमबद्ध रूप दिले. सरकारी नोंदणी आली ती नेपोलियनच्या अमदानीत. उत्तर इटलीच्या काही भागांत १८०६ पासून, नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून आणि सिसिलीत १८२० पासून नगरपालिकेचा अधिकारी जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद करू लागला. नेपोलियनच्या पाडावानंतर उत्तरेत ही पद्धत बहुतेक ठिकाणी बंद पडली, दक्षिणेत मात्र चालू राहिली. इटलीच्या एकीकरणानंतर १ जानेवारी १८६६ पासून एकच राष्ट्रीय पद्धत आली. रोम आणि व्हेनिसचा प्रदेश तीत १८७१ च्या सुमारास सामील झाला.

प्रत्येक वहीच्या दोन प्रती होत. एक गावात राही, दुसरी न्यायालयात जाई आणि पुढे प्रांताच्या सरकारी अभिलेखागारात पोचे. या दुसऱ्या प्रतींची छायाचित्रे इटलीच्या अभिलेखागार विभागाने २०११ पासून ‘अंतेनाती’ (म्हणजे ‘पूर्वज’) या नावाने संगणकावर खुली केली. त्यात अमेरिकेतील ‘फॅमिलीसर्च’ या संस्थेचे साहाय्य आहे. कोट्यवधी प्रतिमा कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जगभरच्या स्वयंसेवकांनी नावे वाचून सूची केली. अलीकडे हस्ताक्षर वाचण्याचे कामही यंत्राकडे जाऊ लागले आहे. हे काम मोठे आहे आणि ज्यांनी आपल्या संध्याकाळी त्यासाठी दिल्या, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पुढची टीका त्यांच्यावर नाही. सूचीची चौकट ज्या प्रकारे आखली जाते, तिच्यावर आहे.

‘कै.’ कुठे गेला?

इटालियन नोंदीत माणसाच्या नावापुढे बापाचे नाव येते आणि मध्ये एक छोटा शब्द असतो. बाप हयात असेल तर ‘दी’, नसेल तर ‘फू’. हा ‘फू’ म्हणजे आपला ‘कै.’ होय. एका तरुणाच्या १८३५ च्या विवाहनोंदीत बापाच्या नावाआधी ‘फू’ असेल, तर बाप त्याआधी वारला हे आपोआप कळते, आणि मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांत शोधायची ते ठरते. सूचीच्या रकान्यात मात्र ‘वडिलांचे नाव’ एवढीच जागा असते. दोन अक्षरे गळतात आणि त्यांच्याबरोबर एक तारखेचा धागाही.

दक्षिण इटलीत विवाहाबरोबर कागदांचे एक पुडके जोडलेले असे. त्यात वधूवरांच्या जन्माचे दाखले असत. बाप मृत असेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला आणि संमती देणारे आजोबाही हयात नसतील तर त्यांच्याही मृत्यूचा दाखला असे. एका पुडक्यात तीन पिढ्या! सूचीतील विवाहाच्या एका ओळीत त्या कशा मावणार?

चार चुलतभाऊ, एकच नाव

थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत दक्षिणेत पक्की होती. समजा, साल्व्हातोरे नावाच्या माणसाला चार मुलगे आहेत. चौघांनी आपापल्या थोरल्या मुलाचे नाव साल्व्हातोरे ठेवले. एकाच खेड्यात, थोड्याच वर्षांच्या अंतराने, एकाच नाव-आडनावाचे चार चुलतभाऊ! नाव आणि वर्ष एवढ्यावर शोधणारा माणूस यांतला कोणताही एक उचलेल. त्यांना वेगळे करते ते बापाचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव. इटालियन नोंदीत स्त्रीचे माहेरचे आडनाव कायम राहते, ही संशोधकाची मोठीच सोय आहे.

नोंदींची अशी जोडणी हा संख्याशास्त्राचा विषय आहे. १९५९ मध्ये न्यूकोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाने जन्म-विवाहाच्या नोंदी जोडून दाखवल्या, तर १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर यांनी तिचा गणिती सिद्धांत मांडला. त्याचे सार सोपे आहे. दुर्मिळ नाव जुळले तर त्याला जास्त वजन द्यावे, सर्रास आढळणारे नाव जुळले तर कमी. सूचीतला शोध मात्र बहुधा दोन्हींना सारखेच पुढे करतो.

इंग्रजी कानांनी ऐकलेली इटालियन नावे

उच्चार सारखे पण लेखन वेगळे, अशा आडनावांसाठी ‘साउंडेक्स’ ही पद्धत वापरतात. तिचे अमेरिकन पेटंट १९१८ चे आहे. पहिले अक्षर तसेच ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. आता ‘याकोनो’ हे आडनाव घ्या. रोमन लिपीत ते कधी ‘आय’ने तर कधी ‘जे’ने सुरू होते. उच्चार एकच, माणूसही एकच. साउंडेक्समध्ये मात्र एक ‘आय-२५०’ होतो आणि दुसरा ‘जे-२५०’. जी पद्धत फरक पुसण्यासाठी काढली, तीच इथे फरक निर्माण करते. पूर्व युरोपातील ज्यू आडनावांसाठी अशीच अडचण आली, तेव्हा डाइच आणि मोकोटॉफ यांनी १९८५ मध्ये स्वतंत्र पद्धत रचली. साधन ज्या भाषेसाठी घडले, त्या भाषेबाहेर नेताना ते पुन्हा तपासले पाहिजे, एवढाच याचा धडा.

दोन वाचक की एक तपासनीस?

माझा मुख्य आक्षेप पुढे आहे. आरंभीच्या पद्धतीत एकच पान दोन स्वयंसेवक एकमेकांना न विचारता वाचत आणि मतभेद झाला तर तिसरा निर्णय देई. पुढे एक वाचक आणि त्याचे काम पाहणारा एक तपासनीस, अशी रीत आली. काम झपाट्याने होऊ लागले हे खरे, पण काय गमावले?

समजा, प्रत्येक वाचक १०० आडनावांत ५ चुका करतो. (हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत.) दोन स्वतंत्र वाचक एकाच जागी चुकण्याची शक्यता ०.०५ × ०.०५, म्हणजे १०,००० मध्ये २५. उरलेल्या चुका मतभेदाच्या रूपाने निदान उघड होतात. आता दुसऱ्या रीतीत तपासनीस निम्म्या चुका पकडतो असे धरा. तरी १०,००० मध्ये २५० चुका कोणालाही न दिसता राहतात, म्हणजे दहापट! शिवाय समोर ‘रोपी’ असे लिहिलेले असले, की लांब शेपटीच्या दुहेरी ‘एस’चे मूळ ‘रोसी’ तपासनिसाच्या डोळ्यांनाही ‘रोपी’च दिसू लागते. अर्थात दोन वाचकही पूर्ण स्वतंत्र नसतात, कारण फसवे अक्षर दोघांनाही फसवते. म्हणूनच ‘वाचन संशयित’ असा एक रकाना हवा. प्रयोगशाळेत आपण मापनाबरोबर त्रुटीची मर्यादा लिहितो. मग सूचीलाच त्यातून सूट का?

एवढे का मनावर घ्यायचे?

कारण या नोंदींवर माणसांचे हक्क आणि विज्ञानाचे निष्कर्ष उभे आहेत. इटलीतून गेलेल्यांचे वंशज अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिकेत आहेत. १९९२ च्या कायद्यानुसार त्यांना वंशाच्या आधारे नागरिकत्व मागता येई, आणि २०२५ च्या बदलाने तो हक्क सर्वसाधारणपणे आई-वडील व आजी-आजोबांपर्यंत आला. तिथे सूचीची प्रत चालत नाही, नगरपालिकेचा दाखला लागतो. पण कोणत्या गावाकडे मागायचा, हे अनेकांना सूचीवरूनच कळते. ‘सूचीत नाही’ याचा अर्थ ‘नोंदच नाही’ असा घेतला, तर शोध तिथेच संपतो.

विज्ञानाचे उदाहरण लिमोने या गार्डा सरोवराकाठच्या गावाचे. तिथल्या एका माणसाच्या रक्तात मिलानच्या संशोधकांना १९७० च्या दशकात एक वेगळे प्रथिन सापडले. त्याचे रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडलेले होते, तरी रोहिणी खराब झालेल्या नव्हत्या. गावाच्या जुन्या नोंदवह्या तपासून त्या उत्परिवर्तनाचा माग अठराव्या शतकातील एका जोडप्यापर्यंत लावला गेला. कावाल्ली-स्फोर्झा यांनी पार्मा खोऱ्यातील गावांच्या जनुकीय अभ्यासासाठीही चर्चच्या वह्याच वापरल्या. अशा कामात चारांतला चुकीचा साल्व्हातोरे जोडला, तर जनुक भलत्याच घरात जाऊन बसते!

वर्गात करून पाहा

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरचे एक पान घ्या. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि नावे शाळेबाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या. दोन गटांना त्याच ५० नोंदी स्वतंत्रपणे उतरवायला सांगा आणि मतभेद मोजा. तिसऱ्या गटाला पहिल्या गटाची नक्कल दाखवून तपासायला सांगा आणि त्याने किती चुका पकडल्या ते पाहा. शेवटी १ जून ही जन्मतारीख किती वेळा येते तेही मोजा. नक्कल अचूक असली, तरी मूळ नोंद खरी असेलच असे नाही, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

घटना, नोंद, प्रतिमा आणि सूची अशा या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडते. सूची जरूर वापरावी, कारण तिच्याशिवाय कोट्यवधी पानांत शिरणेच अशक्य आहे. मात्र ती आपल्याला पानापर्यंत नेऊन सोडते. तिथून पुढे पान आपणच वाचले पाहिजे.