पहिल्या प्रयोगानंतर

कस्तुरबा गांधी मार्गावर तीन क्रमांकाला मॅक्सम्युलर भवन आहे, सतराला ब्रिटिश कौन्सिल, चोवीसला अमेरिकन सेंटर. इंडिया गेटच्या अंगाला २०१३ साली खुलं झालेलं नवं महाराष्ट्र सदन. दिल्लीतले जुने लोक या रस्त्याला अजून कर्झन रोडच म्हणतात. या रस्त्याचा नव्या मराठी नाटकाशी काय संबंध, असं विचारलं तर उत्तर थोडं अडचणीचं आहे. संबंध आहे, पण तो सदनापेक्षा परदेशी पाट्यांशी जास्त आहे.

१९८६ साली पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाच्या पुढाकारानं बर्लिनचं ग्रिप्स नाट्य मराठीत आलं. मोहन आगाशे आणि थिएटर अकॅडमी यांनी ते रुजवलं, श्रीरंग गोडबोले यांच्यासारखे लेखक त्यात घडले. मोठ्या नटांनी मुलांची कामं करायची आणि मुलांना उपदेश करायचा नाही, ही त्यातली साधी अट. राजा-राणी आणि बोलके प्राणी यांच्यात अडकलेल्या बालनाट्याला तिनं घरातली भांडणं, शाळा आणि वडलांचा धाक दाखवला. पुढे मुंबईतल्या ‘रेज’ या संस्थेनं लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरसोबत, ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्यानं, ‘रायटर्स ब्लॉक’ हा नाट्यलेखनाचा उपक्रम चालवला. त्याचा पहिला महोत्सव २००४ साली झाला. इरावती कर्णिक यांचं काश्मिरी पंडित मुलावरचं ‘गाशा’ याच वाटेनं आलं आणि अभिषेक मजुमदार यांनी ते बसवलं. रॉयल कोर्टवाल्यांनी आपल्या लेखकांना काही जगावेगळं दिलं नाही. पुन्हा लिहा, वाचून दाखवा, परत लिहा, एवढंच सांगितलं, आणि त्यासाठी लागणारे महिने दिले.

सदनात जेवण उत्तम मिळतं. नाटक हे सदनाचं कामच नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. ते शेवटी सरकारी अतिथिगृह आहे. माझी तक्रार सदनाविरुद्ध नाहीच. राज्याचा मोठा पैसा, मोठी वास्तू आणि मोठा सोहळा एकीकडे, आणि नव्या संहितेला लागणारी छोटी, चिवट, कंटाळवाणी मदत दुसरीकडे, ही जी फारकत आहे, तिच्याविषयी मला बोलायचं आहे.

नव्या मराठी नाटकांची टंचाई आहे, असं अध्यक्षीय भाषणांतून ऐकू येतं. मला तसं दिसत नाही. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा आहे, पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, मुंबईत ‘सवाई’ आहे. दर पावसाळ्यात महाविद्यालयांच्या जिन्यांवर तालमी सुरू होतात आणि ढीगभर एकांकिका लिहिल्या जातात. जगातल्या फार थोड्या भाषांना इतकी मोठी भट्टी मिळाली असेल. हिंदीकडे ती नाही, आणि दिल्लीत राहिलं की हे फार जाणवतं. ओम शिवपुरींच्या ‘दिशांतर’नं १९६९ मध्ये मोहन राकेश यांचं ‘आधे अधूरे’ केलं, हबीब तन्वीर यांनी १९५४ मध्येच ओखल्याच्या गावकऱ्यांना घेऊन ‘आग्रा बाजार’ उभं केलं होतं. तरी मंडी हाउसच्या संस्थांना नव्या हिंदी संहिता कायम कमीच पडल्या. मग राजिंदर नाथ यांच्या ‘अभियान’सारख्या संस्थेनं भारतीय नाटकंच करायची असं ठरवून मराठी, बंगाली, कन्नड नाटकं हिंदीत आणली. तेंडुलकर दिल्लीच्या प्रेक्षकाला जवळजवळ हिंदी नाटककार वाटतात ते त्यामुळेच. देवेंद्रराज अंकुर यांनी १९७५ मध्ये निर्मल वर्मांच्या कथांवरून ‘तीन एकांत’ केलं, कथेचं नाटक न करता कथाच रंगमंचावर उभी केली, आणि ‘कहानी का रंगमंच’ ही शैली झाली. टंचाईतून निघालेली ती युक्ती होती. पुढे तिचं शास्त्र झालं, आणि अनेकांसाठी ती पळवाटही झाली.

मराठीत उलटं आहे. संहिता भरपूर, प्रयोग थोडे. स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक स्पर्धेत एकदा होतं, अंतिम फेरीत आलं तर पुन्हा एकदा. मग नट परीक्षांना लागतात, दिग्दर्शकाला मालिकेचं काम मिळतं, नेपथ्य कुणाच्या तरी गच्चीवर पडतं. नाटक पहिल्या प्रयोगाला पूर्ण झालेलं नसतं हे नाटकवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. दुसरा अंक कुठे पडतो, कुठलं वाक्य नटाच्या तोंडात बसत नाही, कुठे प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसतो, हे सहाव्या-सातव्या खेळाला कळतं. तोवर आपल्याकडची बहुतेक नवी नाटकं संपलेली असतात.

‘घाशीराम कोतवाल’ची गोष्ट आपण वादाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती प्रयोगसंख्येची गोष्ट वाटते. १६ डिसेंबर १९७२ ला पहिला प्रयोग झाला, एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं (पीडीए) ते थांबवलं. ते नाटक करणाऱ्या मुलांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली ती मुख्यतः विसावा प्रयोग करता यावा म्हणून. एक नाटक चालू ठेवण्यासाठी एक संस्था जन्माला आली, आणि त्याच संस्थेनं १९७४ मध्ये आळेकरांचं ‘महानिर्वाण’ केलं, पुढे पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. नाटक टिकवण्याच्या हट्टातून पुढची नाटकं आली.

स्पर्धेनं दिलेली दुसरी सवय नाटकांच्या अंगात भिनली आहे. पाऊण-एक तासात परीक्षकाला गुंडाळायचं असतं. म्हणून सुरुवातीला एक दृश्यचमत्कार, मध्ये हशे, शेवटच्या पाच मिनिटांत स्फोट, एक टाळीचं वाक्य आणि ब्लॅकआऊट. हाच ऐवज दोन अंकांत ताणला की मधला भाग लोंबतो. नव्या नाटकांत पहिली वीस मिनिटं झकास आणि नंतर पात्रं त्याच मुद्द्याभोवती फिरताहेत, हा अनुभव फार वेळा येतो. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ या सापळ्यातून सुटलं. मूळची एकांकिका, २०१७ मध्ये भद्रकालीनं ती व्यावसायिक रंगभूमीवर आणली. लेखकाला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. आवली आणि लखूबाई, दोनच बायका. पण देशमुखांनी घटना न वाढवता त्या दोघींमधला ताण वाढवला, गाण्याला अंकाच्या रचनेत काम दिलं. एकांकिका पुन्हा लिहिणं म्हणजे काय, हे तिथे शिकावं. मात्र मागे व्यावसायिक निर्माता उभा राहिला म्हणून ते शेकडो प्रयोगांत पिकलं, हेही विसरू नये. लहान संस्थेला ते परवडलं नसतं.

पुण्यात मोहित टाकळकर यांची ‘आसक्त’ २००३ पासून आणि त्यानंतर निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ, आलोक राजवाडे यांच्या पिढीची ‘नाटक कंपनी’ यांनी जे केलं, त्याला मी गेल्या दोन दशकांतलं सगळ्यात सातत्याचं काम म्हणेन. आशुतोष पोतदार यांच्या ‘एफ-१/१०५’मध्ये एक तरुण जोडपं फ्लॅटची भिंत हिरवी रंगवायला घेतं, आणि रंग हा केवळ रंग राहत नाही. धर्मकीर्ती सुमंत यांच्या ‘गेली एकवीस वर्षं’मध्ये विचारसरणीच्या घरात वाढलेला मुलगा त्या विचारांनाच प्रश्न विचारू लागतो. दोन्ही नाटकं बुद्धिमान आहेत, भाषा आजची आहे, राजकारण घरात शिरवण्याची हातोटी आहे. पण पेठा आणि कोथरूड यांच्या बाहेर ही नाटकं फारशी श्वास घेत नाहीत. पात्रं स्वतःवर इतक्या हुशारीनं भाष्य करतात की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. उपरोध ही या मंडळींची ताकद आणि तीच त्यांची भिंत.

याच्या दुसऱ्या टोकाला जालना जिल्ह्यातलं जांबसमर्थ. रामदासांचं जन्मगाव म्हणून लोक ओळखतात. नाटकवाले राजकुमार तांगडेंचं गाव म्हणून. शेती करणाऱ्या नटांना घेऊन त्यांनी आधी वीजचोरीवरचं ‘आकडा’ केलं आणि मग २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, महाराजांचा टोप हरवतो, आणि तो कुणाच्या डोक्याला बसेल हे शोधत नाटक भीमनगरात पोचतं. पोवाड्यांचा सामना त्यातला कळस. या नाटकात सूक्ष्मता नाही, काही प्रवेश सरळ भाषणाचे आहेत. तरीही ते जिथे गेलं तिथे प्रेक्षक खुर्चीच्या काठावर आले, कारण ते ज्यांच्याशी बोलत होतं ती माणसं समोर बसलेली होती. नाशिकचे दत्ता पाटील आणि सचिन शिंदे ‘हंडाभर चांदण्या’मध्ये पाण्याच्या टँकरची वाट पाहणारं गाव दाखवतात तेव्हा वाट पाहणं हाच नाटकाचा घाट होतो. पुण्याच्या खोलीतली चतुराई आणि या मोकळ्या रानातला आवाज एकमेकांना फार कमी भेटतात. एका मंचावर ते येतात ते बहुधा महोत्सवातच.

महोत्सव म्हटलं की आपण पुन्हा कस्तुरबा गांधी मार्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा भारत रंग महोत्सव १९९९ पासून, महिंद्राचे ‘मेटा’ पुरस्कार २००६ पासून. ‘मेटा’साठी देशभरातून दहा नाटकं निवडतात आणि कमानी, श्रीराम सेंटर इथे दाखवतात. पुण्या-नाशिकची मंडळी आदल्या दिवशी उतरतात, सकाळी प्रकाशयोजना बसवतात, संध्याकाळी एक प्रयोग, रात्री सामान ट्रकमध्ये. शंभर प्रेक्षकांसाठी बांधलेलं नाटक कमानीच्या सहाशे बत्तीस खुर्च्यांपुढे ओरडू लागतं. टाळ्या पडतात, परीक्षण येतं, पुढच्या संस्थेची पेटी आत येते. प्रतिष्ठा मिळते, अनुदानाच्या अर्जात एक ओळ वाढते. दिल्लीत मात्र त्या नाटकाचा प्रेक्षक तयार होत नाही, कारण ज्यानं ऐकलं की नाटक चांगलं होतं, त्याला ते दुसऱ्या दिवशी पाहताच येत नाही. तोंडी प्रसिद्धी हेच लहान नाटकाचं भांडवल, आणि महोत्सव नेमकं तेच मारतो. या महोत्सवांनी मला अनेक भाषांची नाटकं दाखवली, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण ते दुकान नाही, शोकेस आहे.

दिल्लीतही लहान जागांनीच नाटक जगवलं आहे. गोपाल शर्मन आणि जलबाला वैद्य यांनी बाबा खडकसिंग मार्गावर बांधलेलं लाकडी अक्षरा थिएटर १९७२ पासूनचं. जन नाट्य मंचाला तर जागाही लागली नाही. त्यांचं तेरा मिनिटांचं ‘मशीन’ १९७८ मध्ये तालकटोरा स्टेडियममधल्या कामगार परिषदेत झालं. (त्याच तालकटोऱ्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं. लोकनाट्याच्या अभ्यासक अध्यक्षा आणि पथनाट्याची ती जमीन, हा योग मंडपात कुणाच्या लक्षात आला असेल तर मला ठाऊक नाही.) १ जानेवारी १९८९ ला झंडापूरला जन नाट्य मंचाचं ‘हल्ला बोल’ चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी मंचाचे सफदर हाश्मी गेले, आणि ४ तारखेला मलयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी तोच प्रयोग पुरा केला. प्रयोग पुढे चालू ठेवणं म्हणजे काय, याचं याहून कठोर उदाहरण आपल्याकडे नाही. २०१२ मध्ये या मंडळींनी शादीपूरमध्ये स्टुडिओ सफदर उघडला. तिथे लहान संस्था तालीमही करतात आणि खेळही.

महाराष्ट्रातही चित्र हेच. ‘आविष्कार’ या संस्थेला १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह मिळालं म्हणून एक चळवळ झाली, ते सुटल्यावर माहीमच्या महापालिका शाळेत अरुण काकडे यांनी ती चालू ठेवली. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, आता ‘द बॉक्स’ आहे. शाळेचा हॉल, जुनी शेड, वाड्यातली खोली. मोठी नाट्यगृहं बांधताना नगरपालिका हजार खुर्च्या मोजतात, आणि ती वर्षभर लग्नातल्या वाढप्यासारखी सत्कार-समारंभ वाटत राहतात.

दिल्लीच्या मराठी मंडळींनी हे मनावर घेतलं तर फार काही बांधावं लागणार नाही. पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. गणेशोत्सवात इथली मंडळं नाटकं करतात, पण ती बहुतेक मुंबईत गाजलेली जुनी विनोदी नाटकं. कपडेपट सुंदर, पाठांतर चोख, संहिता उसनी. इथल्या मराठी जगण्याचं नाटक माझ्या पाहण्यात नाही. खानापूर-आटपाडीकडून सोनं-चांदी गाळायला निघालेली गलाईवाली माणसं उत्तरेतल्या शहराशहरांत पसरली आहेत. घरी माणदेशी बोलणारी, दुकानात हिंदी, पोरं इंग्रजीत शिकणारी. अ‍ॅसिडच्या वाफेत भट्टीपुढे काढलेली वर्षं, गावाकडे बांधलेला दुमजली बंगला, त्यात राहायला कुणी नाही. एवढ्या ऐवजावर तांगडेंसारखा लेखक तीन नाटकं लिहील. असं नाटक दिल्लीत लिहिलं गेलं, तर ते थेट कमानीत नेऊ नये. आधी पहाडगंजच्या शाळेत शनिवार-रविवारी चार आठवडे करावं. पहिल्या रविवारी मंडळाचे लोक येतील, दुसऱ्या रविवारी भट्टीवरचे येतील आणि सांगतील की अ‍ॅसिडची बाटली कुणी अशी धरत नाही. तिसऱ्या रविवारपर्यंत लेखकानं तो प्रवेश बदललेला असावा.