आवाज फुटल्यानंतरचे गाणे

आमच्या पांडेसऱ्यात गिरण्यांच्या आणि लूमच्या खडखडाटातही खानदेशी मंडळींची भजने रंगतात. साठीच्या एखाद्या बुवांचा आवाज वर जाताना चिरकला, की कोणीतरी हळूच म्हणते, “बुवांचं गाणं संपलं आता.” हे विधान तपासून पाहावे असे मला बरेच दिवस वाटत होते. त्यासाठी मी गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचे गाणे पुन्हा ऐकले.

१९३०च्या दशकात ‘गांधारी हनगल’ या नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतला आवाज बारीक, उंच आणि चपळ आहे. पुढे घशाच्या उपचारांनंतर तो खाली उतरला, रुंद झाला. पुरुषी वाटावा इतका. दोन्ही काळांतले गाणे लागोपाठ ऐकले, तर गायिका एकच आहे यावर विश्वास बसत नाही. गेलेल्या आवाजाची नक्कल करण्याच्या मोहात गंगूबाई पडल्या नाहीत. त्यांनी पट्टी उतरवली, विलंबित ख्यालात एकेका स्वराला वेळ दिला. त्यांच्या मारव्यातला कोमल रिषभ ऐकताना जाणवते, की हे गांभीर्य त्या जुन्या बारीक आवाजाला पेलले नसते. गळ्याचा लाडिकपणा गेला हे खरेच. पण त्या जागी विचार आला.

हा धडा त्यांना घरचाच होता. त्यांचे गुरू सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांचा लहानपणीचा गोड आवाज वयात येताना फुटला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी तो मेहनतीने पुन्हा घडवला. तरीही तो तापायला वेळ लागे. मैफल हळूहळू चढत जाई. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन गंगूबाई शिकल्या, त्या अशा गुरूंकडे.

उतरलेला प्रत्येक आवाज मोठा होतो, असे मात्र नव्हे. तरुणपणची पट्टी आणि तरुणपणची तान हट्टाने धरून बसणारा गायक केविलवाणा होतो. त्यात आपणा श्रोत्यांचाही दोष आहे. ‘ते जुनेच होऊ द्या’ म्हणून फर्माइश करणारे आपणच असतो.

हे लिहिताना मला एक गोष्ट बोचते. मुलांचा आवाज त्या वयात जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, हे ठाऊक असूनही मी प्रार्थनेत पुढे उभ्या राहणाऱ्या एका नववीतल्या मुलाला, आवाज फुटला म्हणून, मागच्या रांगेत पाठवले. पेटीची पट्टी खाली घ्यावी, हे मला सुचले नाही. तो मुलगा पुढे मोठा झाला, परवा बाजारात भेटला. “गातोस का रे?” विचारले, तर हसून म्हणाला, “सर, माझा आवाज गेला ना तेव्हाच.”

आवाज त्याचा गेला नव्हता. पट्टी माझी चुकली होती.